मदत कोणाच्या नावावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील नोबल्स काउंटीत (जिल्ह्यात) कोरोना महामारीच्या काळात शेतीला मिळालेल्या सरकारी मदतीविषयी मी जे लिहिले, त्यावर आपला आक्षेप असा की ज्याची शेती मोठी त्याचे नुकसानही मोठे, तेव्हा त्याला जास्त रक्कम मिळाली यात अन्याय कसला. आणि वराहपालकांवर तयार जनावरे मारण्याची वेळ आलेली असताना पैशांची अशी चिकित्सा करणे निष्ठुरपणाचे आहे.

वराहपालकांचे हाल मी नाकारलेले नाहीत. दिवसाला सुमारे 20,000 डुकरे कापणारा याच काउंटीतील वर्दिंग्टनचा जेबीएस या मांस कंपनीचा कत्तलखाना कामगारांमध्ये कोरोना पसरल्यामुळे 20 एप्रिल 2020 रोजी बंद झाला आणि विक्रीच्या वजनाची डुकरे शेडमध्येच अडकून पडली. पण मदतीचे दर नेमके इथेच पाहावेत. अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याच्या ‘सीफॅप’ या कोरोनाकाळातील शेतीमदत योजनेच्या पहिल्या फेरीत 15 जानेवारी ते 15 एप्रिल या काळात विकलेल्या मोठ्या डुकरामागे 18 डॉलर मिळाले, तर 16 एप्रिल ते 14 मे या काळात शेडमध्ये असलेल्या डुकरामागे 17. ज्याचा माल कत्तलखाना बंद होण्याआधीच विकला गेला त्याला एक डॉलर जास्त, आणि ज्याचा अडकला त्याला एक कमी! भाव पडले होते हे खरे, पण प्रत्येकाची रक्कम ठरली ती तारखा आणि नग मोजून. कोणाचे किती बुडाले हे पाहून नव्हे.

शिवाय ते नग कोणाचे, हा प्रश्न उरतोच. करारावर डुकरे वाढवणाऱ्याच्या शेडमधील पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात. शेड, राबणे, विजेचे बिल आणि बँकेचे हप्ते एवढेच त्याचे. मदत जनावराच्या मालकाला मिळाली. आपण महाराष्ट्रातील शेतकऱ्याला एप्रिल 2020 मध्ये मिळालेल्या पीएम-किसानच्या 2,000 रुपयांची आठवण करून दिलीत; तिथेही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटाईदाराच्या हाती काही पडले नाही, हे आपण जाणताच.

मोठ्यांना कमाल मर्यादा होती, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ती व्यक्तीमागे 2,50,000 डॉलर होती; मात्र तीन भागधारकांनी प्रत्येकी 400 तास काम किंवा व्यवस्थापन केल्याचे दाखवले की कंपनीसाठी ती 7,50,000 होत असे. व्यवस्थापनाचे तास कसे भरतात, हे कोणत्याही सहकारी संस्थेचा कारभार जवळून पाहिलेल्याला सांगायला नको.

मक्याच्या बाबतीत तर आपला नुकसानीचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. दुसऱ्या फेरीत जानेवारी आणि जुलै 2020 मधील एकेका आठवड्याच्या भावांची तुलना करून मक्याला एकरी किमान 15 डॉलर देण्यात आले. त्यानंतर 2021 च्या वसंतात एकरी आणखी 20 डॉलर जुन्याच अर्जावर, नवा कागद न मागता देण्याचे जाहीर झाले, आणि तेव्हा मक्याचा भाव बुशेलला (सुमारे 25 किलोला) पाच डॉलरच्या वर गेलेला होता. हजार एकर मका असणाऱ्याला या वाढीव रकमेपोटीच 20,000 डॉलर. ही वाढ डिसेंबर 2020 च्या ज्या कायद्यातून आली, करारी शेतकऱ्यांसाठीची तरतूदही त्याच कायद्यात होती. त्यांच्यासाठीचे सुधारित नियम मात्र ऑगस्ट 2021 मध्ये आले, आणि त्यांना 2018 किंवा 2019 च्या तुलनेत उत्पन्न किती घटले हे दाखवावे लागले.