लॉटरीत नंबर नाही लागला की पोरगं जळगावला येत नाही भाऊ
अमेरिकेचा व्हिसा कडक झाला की पोरं परत येतील अन् भारताचा फायदा होईल असं लेखात म्हटलंय, पण इतकं सोपं नाहीये ते. माझा भाचा भुसावळचा, तिकडे एमएस केलं, ओपीटीवर (शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करायची परवानगी) तीन वर्षं काम केलं, एच-वन-बी म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत दरवेळी नंबर हुकला, मग गेला कॅनडाला! कंपन्यांसाठी वर्षाला जागा 85 हजार, त्यात सप्टेंबर 2025 मध्ये बाहेरून नवीन माणूस न्यायला 1 लाख डॉलर फी लावली, मोठी कंपनी भरेलही, स्टार्टअपवाला कुठून भरणार, अन् नवीन काही काढतात ते बऱ्याचदा हेच लोक. बरं आला असता परत, तर आमच्या एमआयडीसीत चटईचे नि पाइपाचे कारखाने, चिप डिझाइनवाल्याला तिथे काय काम? बहिणीचं कर्ज अजून फिटायचंय ते वेगळंच.