नहाणीचा ढाळ आणि चहाची किटली

आज दुपारी मुलुंडच्या एका कामावर, नहाणी ट्रॅपभोवतीचा ढाळ, म्हणजे न्हाणीघरातले पाणी निचऱ्याच्या भोकाकडे वाहावे म्हणून जमिनीला द्यायचा उतार, काढायची वेळ आली नेमकी तेव्हाच माझ्या मिस्त्रीने शिकाऊ मुलाला चहा आणायला पिटाळले, आणि माझे डोके जे सणकले ते रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी ठिकाणावर आलेले नाही. चहात रागावण्यासारखे काय आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी कोणाच्या हाताखाली राहून काम शिकलेले नसावे.

१९९० साली दादरला हिंदू कॉलनीतल्या एका इमारतीच्या कामावर मी पहिल्यांदा थापी हातात घेतली. घेतली म्हणणे ही बढाई झाली, कारण कित्येक महिने मी ती फक्त धुऊन ठेवत असे. आमचे मिस्त्री अण्णा लादीकामात एक नंबर. सहा बाय सहा इंचांच्या पांढऱ्या लाद्या पिंपात भिजत घालणे, सिमेंट-वाळूचा माल कालवणे, घमेले पुढे सरकवणे ही माझी कामे. आणि भिंतीवर लेव्हलची रेघ मारून झाली, दोरी ताणली गेली, की अण्णा किटली माझ्या हातात देत. टपरी कोपऱ्यावरच होती, तरी दोन नाके ओलांडून इराण्याकडचाच चहा आणायचा असे बजावत. मी परत येईपर्यंत ढाळ निघालेला असे आणि अण्णा बिडी ओढत निवांत बसलेले असत. असे तीन पावसाळे गेले. त्या काळात जेवणाच्या सुट्टीत मी खिशातली गोटी काढून सुकलेल्या लादीवर सोडू लागलो. ती कोठे वळते, कोठे अडखळते, कोणत्या कोपऱ्यातून जोरात सुटते, हे पाहून पाहून मी ढाळ शिकलो. हे सांगितले की लोक माझ्या जिद्दीचे कौतुक करतात. जिद्द कसली डोंबलाची? जे एका माणसाने दहा मिनिटांत सांगितले असते, ते मी तीन वर्षे एका गोटीला विचारत होतो.

आणि ते गुपित तरी काय होते? पाणी भरलेल्या नळीने (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते) चारी भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारायची, जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच. दाराच्या उंबऱ्याशी रेघेपासून खाली जे माप येते, त्यात दर मीटरमागे दहा-बारा मिलिमीटर वाढवत ट्रॅपपर्यंत जायचे. म्हणजे पाच फुटांच्या न्हाणीघरात दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा उतार मिळतो. ट्रॅपपासून सर्वांत लांबचा कोपरा सर्वांत उंच ठेवायचा, ट्रॅपजवळच्या लाद्या तिरक्या कापून चारी बाजूंनी आत झुकवायच्या आणि सांधे भरण्याआधी तांब्याभर पाणी ओतून ते कोठे थांबते ते पाहायचे. झाले, संपले गुपित. हे वाचून उद्या कोणी माझे काम हिसकावून घेणार असेल तर त्याने खुशाल घ्यावे. सांगायला दहा मिनिटे लागतात, हात बसायला मात्र वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणी कोणाकडून चोरू शकत नाही. मग झाकून ठेवतो ते नेमके काय?

तर आजचे सांगतो. ज्यांच्या घरी काम चालू आहे त्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि सकाळपासून दारात खुर्ची टाकून सगळे पाहत होत्या. मिस्त्रीने मुलाला हाक मारून पैसे पुढे केले तसे मला थेट १९९० साल दिसले, पण मी तोंड उघडायच्या आत बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तू बस रे बाळा, चहा मी टाकते. तू बघ ते कसे करतात." मुलगा अवघडून उकिडवा बसला. मिस्त्रीने तोंड वाकडे केले, पण घरमालकिणीसमोर बोलणार काय? पंधरा मिनिटे त्या मुलाने पापणी लवू दिली नाही. आणि मी, चौतीस-पस्तीस वर्षांचा अनुभव असलेला कंत्राटदार, दाराशी मुकाट उभा होतो, कारण जे मी बोलायला हवे होते ते बाई बोलून गेल्या होत्या.

पुढे जे झाले त्याने मिस्त्रीचाही पारा चढला. चहा झाल्यावर बाईंनी चष्मा लावला आणि लाद्या चिकटवायच्या अ‍ॅडहेसिव्हच्या गोणीवरचा मजकूर वाचायला घेतला. पाणी किती घालायचे, कालवल्यावर किती वेळ ठेवायचे, थर किती जाडीचा हवा, हे सगळे तिथे बारीक इंग्रजीत छापलेले असते. आमचा मिस्त्री ते वाचू शकत नाही आणि पाणी अंदाजाने घालतो. शिवाय भिंतीच्या लादीच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून तो ती दाबत होता. बाईंनी विचारले, "मधली जागा रिकामी राहत नाही का?" मिस्त्री म्हणाला, "मॅडम, हे तुम्हाला नाही कळणार." मी थापीच्या दांड्याने एक लादी ठोकून दाखवली. कोपऱ्यांत ठक्क वाजली, गोळ्यांच्या मधल्या जागेत मडक्यासारखी पोकळ. बाईंना बरोबर कळले होते. दोन लाद्या ओल्या असतानाच काढून घेतल्या, त्यांच्या पाठीवरची भट्टीची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसली आणि दातेरी थापीने पाठभर माल ओढून पुन्हा बसवल्या.

यात मिस्त्रीचा दोष किती? त्याच्या गुरूने त्याला सिमेंटच्या मालावर मोझॅइक आणि साध्या सिरॅमिक लाद्या बसवायला शिकवले. त्या पाणी पितात, म्हणून भिजवाव्या लागतात. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, लादी अर्धा टक्काही पाणी पीत नाही. ती भिजवणे व्यर्थ आणि तिच्यावर नुसत्या सिमेंटची पातळ स्लरी नीट धरत नाही. लाद्यांच्या अ‍ॅडहेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे आणि कोणत्या कामाला कोणता प्रकार हे त्यात ठरवून दिलेले आहे, पण ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचवणार कोण? ज्या धंद्यात कोणी कोणाला सांगत नाही, तिथे नवे ज्ञानही येत नाही. किटली दोन्ही बाजूंनी रिकामीच फिरते.

आमच्या लाइनमधल्या मित्रांनो, आता जरा तुमच्याशी बोलतो. शिकवलेला मुलगा सहा महिन्यांत शेजारच्या बिल्डिंगमध्ये आपल्यापेक्षा कमी दराने काम घेतो, हे मान्य. माझ्याही बाबतीत झाले आहे. पण न शिकवलेला मुलगाही सहा महिन्यांत तेच काम घेतो, आणि मग खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे छत गळते. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. मजूर नाक्यावरून माझ्याकडे आलेला एकही मुलगा त्याखाली कधी नोंदलेला नव्हता. त्यांची शाळा म्हणजे आपण, आणि आपण त्यांना टपरीवर पाठवतो. मी माझ्याकडच्या शिकाऊ मुलांना भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेतो. १८७२ साली खुल्या झालेल्या त्या इमारतीतल्या इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या लाद्या आणि त्यांचे सांधे पाहायला सांगतो. निदान तिथे तरी कोणी त्यांना चहाला पिटाळत नाही.

हौशी लोकांविषयीही लिहितो, कारण आमच्यात त्यांची टर उडवण्याची फार वाईट खोड आहे. व्हिडिओ पाहून स्वतःचे न्हाणीघर उकरणाऱ्या गृहस्थांनी शेजाऱ्यांना रडवले आहे, हे खरे; वॉटरप्रूफिंगला त्यांनी हात लावू नये. पण बाईंना स्वयंपाकघरात ओट्यामागच्या लाद्या स्वतःच्या हाताने बसवायच्या आहेत आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. मी त्यांना इतकेच सांगितले की खालची पहिली ओळ लेव्हलपट्टी लावूनच बसवा, ओटा सरळ असेल यावर विश्वास ठेवू नका; सांध्यात दोन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे अंतर सारखे ठेवणारे तुकडे, घाला; आणि लादी कोरडी कापू नका, पाणी सोडत कापा आणि मास्क लावा, कारण ती धूळ छातीत बसली की निघत नाही. हे शेवटचे वाक्य मी मिस्त्रीकडे पाहून म्हटले. तो बारा वर्षे बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून कोरडी कापतो आहे. कोणी त्याला सांगितले होते?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, तेव्हा अण्णांचेही सांगून टाकतो. गुडघे गेल्यावर ते दोन वर्षे माझ्याच कामांवर देखरेखीला येत असत. एका दुपारी मी सहज विचारले, तर त्यांनी सगळे सांगितले: ढाळ, काटकोन, तिरक्या भिंतीतली चूक कोणत्या कोपऱ्यात लपवायची ते. अर्धी दुपारसुद्धा लागली नाही. मग म्हणाले, "तुला तेव्हाच सांगितले असते तर मला कोण विचारणार होते?" त्यांना त्यांच्या मिस्त्रीने सात वर्षे नुसत्या लाद्या वाहायला लावल्या होत्या. मला तेव्हा काही बोलता आले नाही.

आणि एक गोष्ट लिहिली नाही तर ही पोस्ट खोटी ठरेल. गेल्या महिन्यात भांडुपच्या एका कामावर, जिन्याच्या पायऱ्यांचे माप काढताना, मी स्वतः याच मुलाला गुटख्याची पुडी आणायला पाठवले होते. मला गुटखा लागत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या भांडुपच्या गोडाऊनमध्ये चार बाय चार फुटांचा चौथरा आणि त्यात ट्रॅप बसवून ठेवतो आहे. मुलगा येणार आहे, बाई येणार आहेत, ज्याला यायचे त्याने यावे. मिस्त्रीला मी मघाशी फोन केला, तर "बघतो शेठ" म्हणाला आणि थोडे थांबून विचारले की गोणीवरचे ते बाई मराठीत लिहून देतील का. चहा मी आणणार आहे, सगळ्यांचा ढाळ काढून झाल्यावर.