ज्यानं बाटली पाहिली नाही, त्याच्या तोंडी जाहिरात

सकाळपासून डोकं तापलंय. शेजारच्या काकांचा चेहरा फेसबुकवर एका टॉनिकच्या जाहिरातीत फिरतोय. हातात कापसाचं फुटलेलं बोंड, मागं पऱ्हाटी आणि खाली लाल अक्षरांत "एकरी २० क्विंटल, पातेगळ ७ दिवसांत बंद". पातेगळ म्हणजे कपाशीच्या कळ्या गळणं. काकांचं चार एकर कोरडवाहू वावर. गेल्या हंगामात एकरी सहाच्या वर कापूस निघाला नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. आवाजसुद्धा त्यांचा नाही. "मले, तुले" बोलणारा माणूस व्हिडिओत म्हणतो, "मला अतिशय समाधानकारक अनुभव आला."

"मी तं ते बाटली डोयानं पायली नाई बाप्पा," काका येईल त्याला हेच सांगत आहेत.

वेचणी चालू असताना एक पोरगा मोटारसायकलवर आला होता. "काका, जरा बोंड हातात धरा." फोटो काढले, व्हिडिओ घेतला, चहा पिऊन गेला. कागद नाही, सही नाही, कशासाठी तेही सांगितलं नाही.

फोटो काढू दिला म्हणजे सगळंच दिलं, असं म्हणणारे दोघेतिघे सकाळपासून भेटले. फोटोचा कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचा असेल, पण काकांचा चेहरा त्याच्या मालकीचा होत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलं, आणि वावरातल्या माणसाला तो शहरातल्यापेक्षा कमी मिळालेला नाही. जाहिरातीची संमती वेगळी घ्यावी लागते: कोणतं उत्पादन, कुठं दाखवणार, किती महिने, मोबदला किती, नको वाटलं तर कोणाला कळवायचं. अर्ध्या पानाचा मजकूर. ज्याचा फोटो त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा आणि एक प्रत त्याच्याजवळ ठेवायची. एवढंही होत नाही?

आणि इथं तर चेहऱ्यासोबत साक्षही चोरली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की शिफारस करणाऱ्याचं मत खरं हवं आणि वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव त्यामागे हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. दंड शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. म्हणूनच काकांनी "हे बोल माझे नाहीत, माझी संमती नाही" हे लेखी देणं घाईचं आहे. गप्प बसले तर उद्या लोक त्यांनाच धरतील.

धरलंच आहे म्हणा. काकांच्या साडूनं त्यांचं तोंड पाहून दोन बाटल्या मागवल्या. २,९९८ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. पार्सलमध्ये बिल नाही, बाटलीवर बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. अशी वाढीची टॉनिकं, म्हणजे बायोस्टिम्युलंट, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आलेत, त्यामुळे असा माल कुरिअरनं विकणं ही कृषी खात्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकानं पाहायची बाब आहे. बाटली फोडू नका, सील तसंच राहू द्या, खोकं आणि कुरिअरची चिठ्ठीही जपा.

बरं, कृषी केंद्रवालेही युरियासोबत लिंकिंग करून नको ते गळ्यात मारतात, मान्य. पण तिथं भांडून पक्कं बिल घेता येतं आणि दुकान उद्याही त्याच जागी असतं.

त्या फोटोवाल्या पोराचा सकाळी फार राग आला होता. आता तेवढा नाही. असाच कुठल्या खेड्यातला असेल, फोटोमागे दोनचारशे मिळत असतील, पुढं काय होतं हे त्यालाही कोणी सांगितलं नसेल. आपल्या मित्रयादीतही रील बनवणारी बरीच पोरं आहेत. लेकरांनो, पैसे मिळोत की फुकटची बाटली, "जाहिरात" हा शब्द लावावाच लागतो. रील मराठीत असेल तर तो मराठीत, फोटोवर ठळक, व्हिडिओत लिहूनही आणि बोलूनही. हॅशटॅगच्या ढिगात लपवलेला चालत नाही.

पण जाहिरात चालवणाऱ्याला माफी नाही. त्यानं जिल्हा निवडला, वय निवडलं, पेरणीचा हंगाम निवडला आणि आमच्याच माणसाचा चेहरा आमच्याच मोबाईलवर सोडला. त्याला माहीत होतं इथं लोक काय पाहून विश्वास ठेवतात.

आता कामाचं. पेजवर जाऊन भांडू नका, जाहिरात गायब होईल. फेसबुकच्या मालक कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत देश भारत, सगळ्या जाहिराती, मग पेजचं नाव टाका. तिथं जाहिरात कधी सुरू झाली ती तारीख आणि लायब्ररी आयडी दिसतो. अशी व्यापारी जाहिरात बंद झाली की तिथूनही निघून जाते, म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग आधी, रिपोर्ट नंतर. पेज ट्रान्सपरन्सीमध्ये पेज कधी बनलं, नाव किती वेळा बदललं, तेही टिपा. रेकॉर्डिंगची मूळ फाइल ज्या मोबाईलमध्ये आहे त्यातच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत दाबली जाते, तिच्यातले तपशील जातात. पुढं कोर्टात डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ मोबाईलवाल्याला देणं सोपं जातं.

मग फेसबुकच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. २४ तासांत पोच द्यायची असते, ती जपून ठेवा. साडूच्या पैशांसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे.

काका उद्या सकाळच्या एसटीनं तालुक्याला निघालेत. अर्ज लिहून झालाय, सही मात्र त्यांनी दोनदा वाचून घेतल्यावरच केली. साडूशी ते अजून बोललेले नाहीत. ती जाहिरात कोणाच्या मोबाईलवर दिसली असेल तर आज रात्रीच रेकॉर्ड करा आणि मला तारखेसह कळवा, पण ग्रुपवर टाकू नका. त्या माणसाचा चेहरा खूप फिरला आधीच.