नोटरीच्या फारकतीबद्दल: बार्शीच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. घटस्फोटाच्या पर्यायांवर मी लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं की मी बायकांना घर मोडायला शिकवतेय, आणि दुसरं म्हणजे "आमच्याकडं पाच माणसं बसतात, बाँडवर फारकत लिहितात, नोटरीचा शिक्का पडला की दोघं मोकळे, कोर्टात वर्षं कशाला घालवायची?" आणि खाली सहज लिहून गेलात की भाचीची फारकत पण अशीच करायचीय पुढच्या महिन्यात. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी दोन ओळीत उत्तर दिलं असतं, पण आता राहवत नाही, जरा मोठं होईल, वाचा.

नोटरी केल्यानं लग्न मोडत नाही वो दादा. नोटरी फक्त एवढंच सांगते की सही याच माणसानं केली, बाकी काही नाही. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५५ च्या, झालेलं असलं तर ते मोडायला कोर्टाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, लागतेच. एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती ती राहिली, तुमच्यामुळं लक्षात आली: याच कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीनं होणारा काडीमोड मान्य आहे. म्हणजे तुमचं अगदीच खोटं नाही. पण ती रूढी त्या समाजात जुनी आहे, सलग चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि जो म्हणतो त्यानंच करावं लागतं. पंच म्हणाले म्हणून रूढी होत नाही.

का एवढं तळमळून सांगतेय ते पण सांगते. माझी मावसबहीण, सोलापूरजवळ कुंभारीकडं विडी कामगारांच्या घरकुलात राहते, विड्या वळते. पहिल्या नवऱ्याशी पटलं नाही, दोन्हीकडची माणसं बसली, बाँड झाला, त्यात "पोटगी नको, राजीखुशीनं वेगळे होतोय" असं लिहून घेतलं, तिला वाचून पण दाखवलं नाही धड. दोन वर्षांनी दुसरं लग्न लावलं, आम्ही सगळे जेवून आलो. पुढं त्या दुसऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा ही पोटगी मागायला गेली, तर समोरच्या वकिलाचं पहिलं वाक्य काय, की ही आमची बायकोच नाही, हिचं पहिलं लग्न अजून उभं आहे. आणि पहिल्याकडं जावं तर तिथं तो राजीखुशीचा कागद तयार, कारण दोघांच्या संमतीनं वेगळी राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही असं पोटगीच्याच कलमात आहे (पूर्वीचं फौजदारी प्रक्रियेचं १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४). एका कागदानं दोन्ही दारं बंद केली तिची. त्या दिवशी मी तिच्याबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात होते, ती एवढंच विचारत होती की मग माझं लग्न नेमकं कुणाशी झालंय.

आता खरं सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका बाईला, जिचं पहिलं लग्न नुसत्या करारावर मोडलेलं होतं, दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मंजूर केलीय, त्या नवऱ्याला आधीचं सगळं माहीत होतं म्हणून. चांगलं झालं. पण ती बाई दिल्लीपर्यंत गेली तेव्हा मिळालं, आणि हजार विड्यांच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईनं दिल्लीला कसं जायचं? शिवाय डिक्रीशिवाय दुसरं लग्न केलं तर गुन्हा, पूर्वी दंड संहितेचं कलम ४९४, आता न्याय संहितेचं ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लेकरांना कायदा औरस धरतो, विवाह कायद्याच्या कलम १६ नं, तेवढा एक आधार.

आणि तुमच्या "वर्षं जातात" याबद्दल. भांडून घटस्फोट घ्यायचा असला, छळ, दोन वर्षं टाकून दिलं, व्यभिचार अशी कारणं सिद्ध करायची असली तर जातात वर्षं, खोटं नाही बोलणार. पण तुमच्या भाचीचं तसं नाहीये की! जे दोघं बाँडवर सही करायला तयार आहेत तेच दोघं संमतीच्या घटस्फोटाला तयार असतात, विवाह कायद्याचं कलम १३ब, लोक म्युच्युअल म्हणतात ते. अट एवढी की वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत (वेगळं म्हणजे नवराबायको म्हणून न नांदणं, छप्पर एक असलं तरी चालतं). अर्ज केला की सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्यांदा दोघांनी कोर्टासमोर सांगायचं, डिक्री. ते सहा महिने पण २०१७ पासून कोर्ट माफ करू शकतं, दोघं दीड वर्षावर वेगळे असतील आणि पोटगी, लेकराचा ताबा सगळं खरंच मिटलेलं असेल तर. डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागं घेता येते, ही भाचीच्या बाजूची गोष्ट आहे, पंचांसमोर असं मागं फिरता येतं का तिला?

घर मोडायचं म्हणाल तर मला ते लागलं. मी त्याच लेखात लिहिलं होतं की घटस्फोट न घेताही बरंच करता येतं. नांदत असताना मार खात असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्याच घरात राहण्याचा आणि संरक्षणाचा हुकूम मिळतो. नुसतं वेगळं राहायचं असेल, लग्न ठेवून, तर विवाह कायद्याच्या कलम १० चं ज्युडिशियल सेपरेशन आहे, पुन्हा जमलं तर तो हुकूम रद्द करून घेता येतो. आणि घटस्फोटाच्या दाव्यात सुद्धा छळ, टाकून देणं, व्यभिचार अशा कारणांत कोर्टानं आधी समेटाचा प्रयत्न करायचा असं कायद्यातच आहे. घर वाचवायची इतकी सोय बाँडवर कुठाय? तिथं तर संध्याकाळी बसतात, चहा होतो, रात्री मुलगी माहेरी.

भाचीचं सांगते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून बाँड करताय असं असेल तर सोलापूरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत, १५१०० ला फोन करून पण विचारता येतं. दावा ती माहेरी जिथं राहते तिथल्या कोर्टात टाकू शकते, नवऱ्याच्या गावाला खेटे नकोत. तिला स्वतःला घेऊन जा पण, तुम्ही एकटे जाऊन विचारून येऊ नका. लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, दोघांचं आधार, लेकरू असेल तर त्याचा जन्मदाखला एवढं पिशवीत ठेवा. आणि बाँड आधीच लिहून झाला असेल तर तो फाडू नका, तो पण वकिलाला दाखवा. लग्न त्यानं मोडत नाही, पण दोघं कधीपासून वेगळे राहतायत हे दाखवायला त्याच्यावरची तारीख उपयोगी पडू शकते.