शेर अली सेल्युलर जेलमध्ये नव्हताच

शेर अली आफ्रिदीवरचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: हा थोर क्रांतिकारक बंड केलं म्हणून काळ्या पाण्यावर गेला, सेल्युलर जेलची कोठडी फोडून बाहेर पडला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला ठार केलं, आणि म्हणून इंग्रजांनी त्याचं नाव इतिहासातून पुसून टाकलं. सोबत जेलच्या कोठडीचा फोटो. माझ्या भाचीने हा मजकूर शाळेतल्या भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतला. आता गप्प बसवत नाही.

आधी ती कोठडी. मेयोचा खून झाला ८ फेब्रुवारी १८७२ रोजी. सेल्युलर जेलचं बांधकाम सुरू झालं १८९६ मध्ये आणि संपलं १९०६ मध्ये. जिचा पायाही घातलेला नव्हता ती कोठडी शेर अलीने फोडली कशी? त्याला काही फोडायची गरजच नव्हती. वागणूक चांगली म्हणून त्याला न्हाव्याचं काम मिळालं होतं आणि तो अंदमानच्या कैद्यांच्या वसाहतीत बराचसा मोकळा वावरत होता. तेव्हा अख्खं बेट हाच तुरुंग होता. कैदी दिवसभर जंगल तोडायचे, रस्ते करायचे, रात्री बराकीत. १० मार्च १८५८ ला २०० कैद्यांची पहिली तुकडी उतरली तेव्हा तर नुसतं रान होतं. पहिल्या काही महिन्यांत कितीतरी जण पळाले, आणि पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकर या सुपरिंटेंडंटने फासावर लटकवलं. सत्तावनच्या बंडातल्या या माणसांची साधी आठवणही त्या एका फोटोखाली गाडली जाते. मला संताप येतो तो याचा.

त्या संध्याकाळी मेयो माउंट हॅरिएट या तिथल्या डोंगरावरून सूर्यास्त बघून उतरला. अंधार पडला होता, मशाली पेटल्या होत्या, होपटाउनच्या धक्क्याशी बोट तयार होती. सुपरिंटेंडंट स्टुअर्ट काही सूचना द्यायला जरा बाजूला झाला, तेवढ्यात शेर अलीने मागून झडप घातली आणि खांद्यांच्या मधे दोनदा सुरा खुपसला. मेयो धक्क्यावरून उथळ पाण्यात पडला. हे सगळं पहारा असताना घडलं. व्हाइसरॉय पदावर असताना खून झालेला मेयो एकटाच, हे मेसेजमधलं खरं. शेर अलीची छातीही मान्य करावीच लागते.

पण तो बंडासाठी अंदमानात गेला, हे साफ खोटं. खैबरकडचा हा पठाण पंजाबच्या घोडेस्वार पोलिसांत, म्हणजे इंग्रजांच्याच नोकरीत होता. घराण्याच्या वैरातून पेशावरला एका नातेवाइकाचा खून केल्याबद्दल १८६७ मध्ये त्याला फाशी सुनावली गेली, पुढे ती जन्मठेपेवर आली. मेयोचा चरित्रकार विल्यम हंटर लिहितो की पिढीजात वैऱ्याला मारणं हा शेर अलीच्या लेखी गुन्हाच नव्हता, आणि त्या शिक्षेच्या रागातूनच त्याने एखाद्या बड्या युरोपियनाला मारायचं ठरवलं. हंटर इंग्रज अधिकारी, तो राजकीय हेतू झाकणारच, असं कुणी म्हणेल. पण कटाचा वास आधी सरकारलाच आला होता. सप्टेंबर १८७१ मध्येच कलकत्त्याच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती नॉर्मन यांचा खून झाला होता, आणि अंदमानात वहाबी, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या एका मुस्लीम पंथाचे कैदीही होते. तरी चौकशीत धागा सापडला नाही. कुणी सांगितलं असं विचारल्यावर शेर अलीचं उत्तर एकच: खुदाने हुकूम दिला.

नाव पुसलं म्हणावं, तर इंग्रजांनीच काढलेला त्याचा बेड्यांमधला फोटो आजही उपलब्ध आहे. ११ मार्च १८७२ ला त्याला व्हायपर बेटावर फाशी दिल्याची नोंदही आहे.

काळ्या पाण्यावरून कधी कुणी परतलंच नाही, हे मेसेजचं शेवटचं वाक्यही चूक. वहाबी खटल्यातले मौलाना जाफर थानेसरी १८८३ मध्ये सुटून परत आले आणि त्यांनी आपली हकिगत लिहून ठेवली.