चायनीजची गाडी का?

मार्बलवाल्याने दिलेल्या कोटेशनवर माझ्या नावाच्या जागी "चायनीज गाडी" असं लिहिलंय. निळ्या पेनाने, खाली रेघ मारून. मी नाव सांगितलं होतं, आडनावही सांगितलं होतं, त्यात एक जोडाक्षर नाही. तरी चायनीज गाडी.

झालं असं की जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतलीये, आपल्या आकुर्डीच्याच कंपनीची, आणि मागच्या सीटा काढून घरच्या घरी तिची कॅम्पर व्हॅन करतोय (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरटीओ, बदलाची परवानगी हे वेगळं रडगाणं आहे, ते परत कधीतरी). पलंग झाला, पाण्याची टाकी बसली, राहिला स्वयंपाकाचा ओटा. चार बाय दोन फूट, त्यावर काय टाकायचं एवढाच प्रश्न. बायको म्हणाली ग्रॅनाइट बघ, पुसायला बरं. म्हणून बिबवेवाडी-कोंढवा रोडवरच्या एका दुकानात गेलो.

"चार बाय दोन? एवढा तर तुकडा असतो साहेब. उंबरा करायचाय का?"

"नाही, ओटा. गाडीत."

"हां, गाडी. चायनीज का वडापाव?"

मी म्हटलं विकायचं काही नाहीये, आम्ही दोघं फिरायला जाणार, वाटेत चहा, पोहे, खिचडी असलं काहीतरी करणार. तो "म्हणजे फिरती गाडी" म्हणाला आणि लिहायला लागला.

आता शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते. चौकड्याचा हाफ शर्ट, खिशात स्वतःची मेजर टेप, हातात दुकानाचा चहा. देवघराखाली टाकायला संगमरवर घ्यायला आलेले, आणि बहुतेक सकाळपासून आलेले, कारण दुकानातला पोऱ्या त्यांना ओलांडून जाताना आता काही म्हणतही नव्हता.

"घर नाहीये का तुम्हाला?"

"आहे की. सहकारनगरला."

"स्वतःचं?"

"हो."

"मग गाडीत कशाला शिजवता?"

याला उत्तर असतं का? मी हसलो. हसलो की पुण्यात लोक खुर्ची जवळ ओढतात, तशी त्यांनी ओढली. "ओटा कुठे येतो गाडीत?" म्हटलं ड्रायव्हरच्या मागे, उजव्या बाजूला, डावीकडे दार आहे. काकांनी डोळे मिटले. मग फोन काढून त्यातलं होकायंत्र लावलं, आणि दुकानातल्या दुकानात माझी गाडी उभी करायला घेतली.

"अग्नी आग्नेयेला. म्हणजे गाडीचं तोंड पूर्वेला केलं की ड्रायव्हरची बाजू आग्नेय. बसलं! पण शिजवताना तुम्ही बघणार उजव्या भिंतीकडे. म्हणजे दक्षिण." इथे थांबून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच छातीत धडधडलं. "दक्षिणेला तोंड करून शिजवायचं नसतं."

"मग गाडी उत्तरेला तोंड करून लावतो ना. उजवी भिंत पूर्व."

"आणि कोपरा कुठला झाला? ईशान्य! ईशान्येला अग्नी? छे छे छे."

वैताग याचा की हिशोब बरोबर होता. मी मनात दोनदा गाडी फिरवून पाहिली. कोपरा साधला की तोंड चुकतं, तोंड साधलं की कोपरा चुकतो. आणि माझा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही, तरी मी भर दुकानात उजवा हात पुढे करून दिशा मोजत उभा, आणि दुकानदार कोटेशन सोडून आमच्याकडे बघतोय.

शेवटी म्हटलं, "काका, गाडी आहे ती. स्वारगेटच्या चौकात वळली की सगळ्या दिशा बदलणार."

"चालत्या गाडीत शिजवायचंच नसतं," काका शांतपणे म्हणाले आणि चहा संपवला.

मग तोडगाही त्यांनीच दिला. ओटा आडवा टाका, ड्रायव्हरच्या पाठीला लागून, तोंड पुढे, गाडी पूर्वेला. फुकट सल्ला, वर मेजर टेप काढून फरशीवर मापही दाखवलं. त्या मापात मागे पलंगाकडे जायला दीड फुटाची वाट उरत होती. माझ्या पोटाकडे बघून काका म्हणाले, "सवय होईल."

या सगळ्यात मी विचारलेला प्रश्न एकच होता, वजन किती. त्याचं उत्तर कोणी दिलं नाही, मीच काढलं. ग्रॅनाइट पाण्याच्या पावणेतीन पट जड, १८ एमएमचा स्लॅब म्हणजे फुटाला पाच किलोच्या आसपास, आठ फुटांचे चाळीस किलो. वर सिंकसाठी भोक पाडलं की पुढे दोन-तीन इंचांची पट्टी उरते, आणि तडा जायचा तर तिथेच जातो. घरातला ओटा टिकतो कारण घर जागचं हलत नाही.

आणि हलायचं तरी किती! स्पीडब्रेकर कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, ३.७ मीटर रुंद, मधे १० सेंटीमीटर उंच, म्हणजे चाक हळूच चढून हळूच उतरतं. आमच्या गल्लीतला एका रात्रीत डांबराची पिशवी उपडी केल्यासारखा उगवलाय, पांढरे पट्टे नाहीत, बोर्ड नाही, गाडीतलं भांडं न् भांडं ओरडतं. म्हणजे मी ओट्याला काय लावायचं हे बायको नाही, मी नाही, गल्लीत डांबर ओतून गेलेला कोणीतरी ठरवणार. टॅक्स मात्र वेळेवर भरायचा.

मग भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. स्टीलचा पत्रा हलका, पण नुसता टाकला तर वाजतो आणि चेपतो, खाली प्लाय लागतोच. पीव्हीसी बोर्ड पाण्याला चांगला, पण गॅसवरून उतरवलेलं पातेलं ठेवलं की बसला. रबरवूड दिसायला सुंदर, सिंकपाशी रोज कोण पुसत बसणार? शेवटी मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, आयएस ७१० मानकाचा, वर एक एमएमची मॅट सनमायका, कडा नीट सील करून, आणि पुढे बोटभर कठडा, नाहीतर खंबाटकीच्या पहिल्याच वळणाला चहा मांडीवर. वजन दहा-बारा किलो. या प्लायची परीक्षा म्हणजे ७२ तास उकळत्या पाण्यात, तेही त्या दुकानदाराने आपणहून सांगितलं. माणूस बरा होता.

पण चार बाय दोन मिळत नाही. अख्खी शीटच घ्यायची, आठ बाय चार, म्हणजे बत्तीस फूट. मला हवेत आठ. पाव शीट द्या म्हटलं तर, "पाव कोण देतं साहेब, उरलेल्याचं काहीतरी होतंच." होतं ना, पार्किंगमधे भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं आणि सेक्रेटरी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकतात, खाली फक्त प्रश्नचिन्ह. फ्लॅटचे पैसे वीस वर्षं हप्त्याहप्त्याने चालतात, आणि प्लायचा पाव तुकडा या शहरात कापून मिळत नाही.

उरलेल्यात असेच अजून तीन ओटे होतात. सनमायकाही पूर्ण शीटच घ्यावी लागली, राखाडी रंग. कोणाला हवं असेल तर सांगा, निम्म्या भावात देतो. न्यायला टेम्पो तुमचा तुम्ही आणा.