एका प्रतिक्रियेला उत्तर : ज्युरीत कोण बसलं होतं, हे आधी विचारू

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो. फौजदारी खटल्यातल्या ज्युरीवरच्या, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटावरच्या माझ्या लेखात मी ज्युरीची बाजू घेतली होती. त्यावर तुमचे आक्षेप असे : कायदा न शिकलेल्यांच्या हाती कुणाचं आयुष्य सोपवणं हा बेजबाबदारपणा आहे, ही माणसं वर्तमानपत्रं वाचून आधीच मत बनवून येतात, हे नानावटी खटल्यात (पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या मुंबईतल्या खटल्यात) सिद्ध झालं, आणि ज्युरी आपल्या निर्णयाची कारणं देत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘उद्या तुमच्यावरच आरोप आला तर न्यायाधीश मागाल की ज्युरी?’

आधी माझी चूक. नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्युरी पद्धत गेली, असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने ज्युरी बंद करावी अशी शिफारस १९५८ च्या अहवालातच केली होती. नानावटींनी गोळ्या झाडल्या त्या २७ एप्रिल १९५९ ला. शेवटी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही आणि ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्या खटल्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, हे खरं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने उघड मोहीम चालवली होती, हेही खरं. तरी पुढे काय झालं ते पाहा. सत्र न्यायाधीशांना हा कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे असं ठरलं की न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगतानाच चुका केल्या होत्या. गोळ्या झटापटीत चुकून सुटल्या, हा आरोपीचा बचाव होता. असा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, ही मूळ गोष्टच ज्युरीला नीट सांगितली गेली नव्हती. ज्या नऊ जणांना आपण आजवर भावनेच्या भरात वाहून गेलेले म्हणून हसत आलो, त्यांच्या हातात नियमच अर्धवट दिला होता. जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटींना माफी दिली. या सगळ्यात ज्युरीचा दोष किती आणि इतरांचा किती?

आणि आपल्याकडची ज्युरी तशी अधूच होती. इंग्लंडमध्ये ज्युरीने निर्दोष म्हटलं की आरोपी सुटला. इथे सत्र न्यायाधीशाला कौल पटला नाही, तर तो प्रकरण वर पाठवू शकत होता. ब्रिटिश सरकारने ज्युरी दिली, पण तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

वर्तमानपत्रांबद्दल तुमची भीती रास्त आहे. पण त्यावर उपाय आहेत. इंग्लंडच्या १९८१ च्या कायद्याप्रमाणे प्रकरण सुरू झाल्यावर निष्पक्ष सुनावणीला गंभीर बाधा येईल असा मजकूर छापणं हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो.

मला त्याहून मोठी भीती वेगळी वाटते. ज्युरीत कोण बसतं? टिळकांवरचे दोन राजद्रोहाचे खटले आठवा. १८९७ मध्ये ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’ म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव. मग सरकारवर प्रेम नसणारा प्रत्येकच गुन्हेगार ठरतो! सहाही युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिन्ही भारतीयांनी निर्दोष. १९०८ मध्ये पुन्हा तेच, सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षांची शिक्षा मंडालेला. पुरावा सगळ्यांनी एकच ऐकला होता. मतं मात्र कोण कुठल्या समाजातून आलं, त्याप्रमाणे पडली. विशेष म्हणजे इथल्या गोऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. भारतीय न्यायाधीशांनाही गोऱ्यांवर खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकावरून त्यांनी एवढा गदारोळ केला की १८८४ च्या तडजोडीत, स्वतःवर खटला झाला तर निम्मी ज्युरी गोऱ्यांची मागण्याचा हक्क मिळवला.

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने जेमतेम तासाभरात दोन्ही आरोपींना सोडलं. पुढच्या वर्षी त्या दोघांनी एका मासिकाला मुलाखत देऊन खुनाची कबुली दिली, पण एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवता येत नव्हता. त्या भागात कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदवूच दिलं जात नसे आणि ज्युरी निवडली जाई मतदारांतून. तुम्ही हे उदाहरण दिलं असतं, तर ते नानावटीपेक्षा मला जास्त लागलं असतं. याला माझ्याकडे बचाव नाही. यादी अशी बनवली तर ज्युरी म्हणजे बहुसंख्याकांचं हत्यार होतं, हे मी मान्य करतो.

आता कायद्याच्या अज्ञानाबद्दल. कायदा काय आहे, हे न्यायाधीश सांगतात. ज्युरीने ठरवायचं असतं ते, घटना घडली का आणि कशी. साक्षीदार खोटं बोलतोय का, अंधारात वीस पावलांवरून चेहरा ओळखता येतो का, घाबरलेला माणूस असं वागेल का, हे कुठल्या पदवी अभ्यासक्रमात शिकवतात? तुम्ही लिहिलंय, तुम्ही तीस वर्षं न्यायालयात नोकरी केलीत. मग तुम्ही हेही पाहिलं असेल की शेकडो चोरीचे खटले चालवल्यावर पुढचा आरोपीही आधीच्यांसारखाच दिसू लागतो. यात न्यायाधीशाचा वाईटपणा नाही, सवय आहे. ज्युरीतल्या माणसाच्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच खटला असतो. त्याला समजेल अशा भाषेत सरकारी वकिलाला सगळं मांडावं लागतं. तसं करावं लागलं की पुराव्यातल्या फटी फार काळ झाकून राहत नाहीत.

शिवाय ज्युरी कधी कधी कायद्यालाच अडवते. लंडनमध्ये १६७० साली विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर रस्त्यात बेकायदा सभा भरवल्याचा खटला होता. ज्युरी दोषी म्हणेना. म्हणून न्यायाधीशांनी तिला अन्नाशिवाय कोंडून ठेवलं. तरी ती बधली नाही, तेव्हा प्रत्येकाला दंड केला. एडवर्ड बुशेलने दंड न भरता तुरुंग पत्करला. त्याच्याच अर्जावर न्यायमूर्ती व्हॉन यांनी निकाल दिला की कौलाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. अठराव्या शतकात राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी केली तर फाशी होती. ज्युरी काय करत? चोरीचा माल त्याहून महाग असला, तरी त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवत! शपथेवर केलेलं खोटं होतं ते, पण फाशीचा दोर त्यांनी किती मानांवरून दूर ठेवला असेल.

तुमचा तिसरा आक्षेप मात्र मला जड जातो. कारणं न देता कुणाला तुरुंगात पाठवायचं, हे मलाही पटत नाही. न्यायाधीशाचं निकालपत्र वाचता येतं, त्यातली चूक अपिलात दाखवता येते. ज्युरीच्या बंद खोलीत काय झालं, हे कुणाला दाखवणार? म्हणून मला जपानचा मार्ग जवळचा वाटतो. २००९ पासून तिथे गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत साधारणपणे तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक एकत्र बसतात, एकत्र विचार करतात, आणि निकालाची कारणं लिहिली जातात. दोषी ठरवायला नुसतं बहुमत पुरत नाही. त्यात निदान एक न्यायाधीश असावा लागतो. पदवीवाल्यांच्या वजनाखाली ते सहा जण दबून जातील, हा धोका उरतोच. तरी तो मी पत्करेन.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्यावर आरोप आला तर मी आधी यादी मागेन : नावं कुठून घेतली, कोणाची वगळली, त्यांना नियम कोण समजावणार. यादीत सगळ्या थरांतली माणसं दिसली, तर ज्युरी मागेन. नसली, तर जपानसारखं मिश्र पीठ. आणि राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिल्याबद्दल आरोप असेल, तर अशा पूर्ण यादीतली साधी बारा माणसंच मागेन, कारणं नाही दिली तरी चालेल.